आधी कोण थांबलं

परशूदादाला गाडी चालवता येत नव्हती. गासपासून नालासोपाऱ्यापर्यंतच्या कितीतरी गाड्यांच्या वायरींवरून त्याचा हात फिरला होता, पण तो स्वतः यायचा सायकलवरून. त्यामुळे गाडी तपासायची म्हणजे चालवायला मालक लागायचाच. परशूदादा शेजारच्या सीटवर बसायचा, काच खाली करायचा, उजवा तळवा डॅशबोर्डवर सपाट ठेवायचा आणि म्हणायचा, "चल. कुठं जायचं नाय, नुस्तं चल."

गास–सोपारा रस्त्यालगत एका केळीच्या वाडीच्या कुंपणाला टेकून त्याची पत्र्याची शेड होती. गॅरेज म्हटलेलं त्याला खपायचं नाही. गॅरेजवाले ग्रीसमध्ये लोळतात, आपण वायरमन, असं त्याचं म्हणणं. म्हणून तो इस्त्री केलेला पांढरा शर्ट घालून काम करायचा, मनगटाची बटणंसुद्धा लावून. केस काळेभोर रंगवलेले, कानावर पेन्सिलीसारखा टेस्टर. दुपारी चार वाजता पानात गुंडाळलेली सुकेळी, म्हणजे उन्हात वाळवलेली केळी, खायचा. सुकेळी खाताना कुणी गाडी घेऊन आलं तर त्याच्याकडे बघायचाही नाही, हात धुवायचा, पुसायचा, मग विचारायचा, "काय करते?"

"अचानक बंद पडते," असं कुणी म्हटलं की संपलं. "अचानक" हा शब्द त्याच्यासमोर उच्चारायची सोय नव्हती. "अचानक काय नसतं. गाडी कधीची सांगत असते. तुझं ध्यान अचानक गेलं."

तो खाडीकाठच्या गावातला. घरची थोडी भातशेती, बाकी सगळं घर मिठागरावर राबलेलं. मिठागरांवरचे पाण्याचे पंप दुरुस्त करता करता तो वायरी शिकला. "मीठ सगल्यात आधी वायर खातं, मंग पत्रा, मंग मानूस," असं तो सांगायचा. आमच्या भागात हे खरंच आहे. हवा खारट, आणि गाड्या वाडीत उभ्या.

आता त्याच्याविषयी लिहायचं तर आधी फादरांच्या हॉर्नबद्दल लिहायला हवं. आमच्या चर्चच्या फादरांच्या गाडीचा हॉर्न डावीकडे वळताना आपोआप वाजायचा. परशूदादाने गाडी बघितली, अर्ध्या तासात "सापडला" असं चहाच्या टपरीपर्यंत ऐकू जाईल एवढ्या आवाजात जाहीर केलं आणि गाडी परत पाठवली. "सापडला" हे तो नेहमीच मोठ्याने म्हणायचा, आणि दर दोनदा म्हटलं की त्यातलं एकदा चुकीचं निघायचं. त्या रविवारी मिस्सा चालू असताना, सगळं चर्च गुडघ्यांवर असताना, अंगणात उभ्या असलेल्या गाडीचा हॉर्न सुरू झाला तो थांबेचना. शेवटी कुणीतरी जाऊन बॅटरीची वायर उपटली.

मिस्सा संपून आम्ही बाहेर पडलो तर दारात पांढऱ्या शर्टात परशूदादा उभा. कुणीतरी फोन करून त्याला कळवलं असावं. हिंदू माणूस, चर्चच्या दारात लग्नाबिग्नाशिवाय कधी न दिसणारा. बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला तो एकच वाक्य सांगत होता, "हॉर्न माझ्यामुलं वाजला. मी चुकीची वायर बदलली." बायकांना सांगत होता, म्हाताऱ्यांना सांगत होता, ज्यांना काही ऐकू येत नाही अशा सांतान आजोबांना दोनदा सांगत होता. फादर म्हणाले, "अहो परशुराम, एवढं काय त्यात, चला घरात, चहा घ्या." तो म्हणाला, "आधी हे लोक जाऊ द्या. गावभर सापडला म्हनून सांगितला, आता चुकला हे पन गावभरच सांगायला पायजे."

मला त्या दिवशी ते जरा नाटकी वाटलं होतं. मी स्वतः वेगळ्या घडणीचा माणूस आहे. माझी चूक मी कुणाला सांगत नाही. घरी नेतो, रात्रभर उशाशी घेतो, वर्षानुवर्षं सांभाळतो. चूक माझी नसली तरी चालतं. शाळेच्या कचेरीत मी कारकून आहे, आणि कुणाच्या दाखल्यावर डाग पडला तरी आधी मला माझेच हात बघावेसे वाटतात. परशूदादा मला 'मास्तर' म्हणायचा. "मी मास्तर नाही, कारकून आहे," असं मी किती वेळा सांगितलं. तो म्हणायचा, "शालेत जातो ना रोज? मंग."

माझी करड्या रंगाची छोटी पेट्रोल गाडी आहे, जुनी. त्या वर्षी फेब्रुवारीत आईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन जात होतो. आई नेहमीप्रमाणे मागे, डाव्या बाजूला. नालासोपाऱ्याच्या रेल्वेवरच्या पुलाच्या चढावर मध्येच गाडी बंद पडली. मागून येणारी एक स्कूटर येऊन आदळली. स्कूटरवर रेश्मा नावाची विरारची बाई होती. घरी पोळ्या लाटून डबे पोचवायचं काम करायची. ती पडली, आणि तिचं उजवं मनगट मोडलं.

लोक जमले. आईला मी हाताला धरून खाली उतरवलं. एका रिक्षावाल्याने माझ्या जागेवर बसून किल्ली फिरवली आणि गाडी पहिल्या फटक्यात चालू झाली. "गाडीला काय नाय झालंय, अंकल. तुमचा पाय सुटला असेल," तो म्हणाला. तो चांगल्या मनाने म्हणाला असेल. पण ते वाक्य माझ्यात जाऊन बसलं.

कारण असं, की ते दोनतीन क्षण मला नीट आठवतच नव्हते. गाडी कशी थांबली, मी ब्रेक दाबला की नाही, काहीच नाही. आणि माझ्या वडिलांना शेवटच्या काही वर्षांत मधूनच कोरे क्षण यायचे. घास हातात धरून बसायचे, डोळे उघडे, आणि माणूस जागेवर नाही. अर्ध्या मिनिटाने जेवण पुढे सुरू. त्यांना स्वतःला ते कधीच कळलं नाही. आम्ही सांगायचो तर रागवायचे.

डॉक्टरांनी माझ्या तपासण्या केल्या. त्यांत काही निघालं नाही. पण डॉक्टर असंही म्हणाले की तपासणीच्या वेळी काही सापडलं नाही म्हणून कधीच काही नसतं असं सांगता येत नाही. मी घरी येऊन गाडीची किल्ली माझ्या बायकोकडे, लीनाकडे दिली. तिला गाडी चालवता येत नाही, म्हणजे गाडी बंदच. त्यानंतर जेवताना माझा हात जरा जरी थांबला तरी लीना माझ्याकडे बघायची. नुसती बघायची, आणि मी घाईने घास तोंडात घालायचो.

दर रविवारी मी बसने विरारला रेश्माकडे जायचो, वाडीतली केळी घेऊन. ती प्लास्टरचा हात उशीवर ठेवून बसलेली असायची, तिची बहीण पोळ्या लाटत असायची. तिसऱ्या की चौथ्या रविवारी रेश्मा म्हणाली, "काका, केळी पुरे आता. बिल्डिंगमध्ये सगळ्यांना वाटून झाली." मग थोड्या वेळाने म्हणाली, "तुमचं नक्की झालं काय होतं हो त्या दिवशी?" त्याच संध्याकाळी मी परशूदादाकडे गेलो.

त्याने सगळं ऐकून घेतलं. मी वडिलांचंही सांगितलं, जे घराबाहेर डॉक्टरांशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं. सुकेळीचं पान घडी करून खिशात ठेवत तो म्हणाला, "म्हंजे तुला गाडी दुरुस्त नाय करायची. तुला हे पायजे की आधी कोन थांबलं. तू का गाडी."

"हो," मी म्हणालो.

"सोपं हाय."

सोपं नव्हतं. आधी त्याने किल्लीचा स्विच संशयावरून बदलला आणि "सापडला" म्हणून आरोळी दिली. मला घेऊन पुलावरून चारपाच फेऱ्या मारल्या, तळवा डॅशबोर्डवर ठेवून. गाडी एकदाही अडखळली नाही. त्याच्या दृष्टीने काम झालं होतं. मला मात्र प्रत्येक फेरीगणिक धस्स होत होतं. गाडी नीट चालतेय, म्हणजे जे थांबलं ते दुसरंच काहीतरी.

पुढच्या आठवड्यात आईला पुन्हा डॉक्टरांकडे न्यायचं होतं. परशूदादाने ठणकावून सांगितलं म्हणून मी किल्ली घेतली. लीना पुढे बसली, माझ्यावर नजर ठेवायला. गावाबाहेर खाडीच्या पाण्यावर एक छोटा पूल आहे, त्याला चढ आहे. तिथे गाडी पुन्हा बंद पडली. मागे कुणी नव्हतं, देवाची कृपा. आम्ही तिघं उतरलो, मी घाम पुसला, किल्ली फिरवली, गाडी चालू.

"माझे डोळे उघडे होते ना?" मी लीनाला विचारलं.

"उघडे होते," ती म्हणाली. आणि मग खरं बोलणारी बाई असल्यामुळे पुढेही म्हणाली, "पण तू काही बोलत नव्हतास."

वडिलांचेही डोळे उघडेच असायचे.

परशूदादाला निरोप गेला तसा तो सायकल मारत घरी आला. आधी अंगणातूनच ओरडला, "स्विच माझा चुकला." शेजारच्या घरातही ऐकू गेलं. मग ओटीवर बसला आणि त्याने आईकडे तोंड वळवलं. आजवर हे कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. रिक्षावाला, पोलीस, डॉक्टर, मी, सगळे माझ्याबद्दल बोलत होतो. दोन्ही वेळा गाडीत असलेल्या आईला कुणी विचारलंच नव्हतं.

"मावशी, बंद व्हायच्या आधी गाडी काय करीत होती?"

आई आमच्या घरच्या बोलीत बोलते. मी इथे सरळ करून लिहितो. ती म्हणाली, "खोकली."

"किती?"

"दोनदा. म्हाताऱ्या माणसासारखी. आणि मग गप."

"दोन्ही खेपेला?"

"दोन्ही खेपेला. हा म्हणतो आठवत नाही. मला आठवतं. डोळे गेलेत माझे, कान नाही."

परशूदादा माझ्यावर डाफरला. "एवढे दिवस साक्षीदार घरात बसलाय आन् तू मना सांगत नाय. चालवनारा रस्ता बघतो, मास्तर. गाडी ऐकतो तो मागं बसलेला." मग आईला म्हणाला, "दिव्यासारखी फटकन गेली असती तर वेगलं होतं. खोकून गेली म्हंजे तिला पेट्रोल नाय मिलालं. उद्या दुपारी तुम्ही यायचं. त्या दिवशी जशा बसल्या तशाच बसायचं. पिशवी होती?"

"होती. डॉक्टरांच्या कागदांची, आणि पाण्याची बाटली."

"ती पन आना."

दुसऱ्या दिवशी दुपारी, रस्त्यावर चिटपाखरू नसताना, आम्ही खाडीवरच्या त्या छोट्या पुलाशी गेलो. परशूदादाने लांब वायरींना जोडलेले दोन छोटे बल्ब आणले होते. एक त्याने इंजिनाच्या ठिणगीच्या वायरीवर लावला, दुसरा पेट्रोलच्या पंपाच्या. दोन्ही बल्ब डॅशबोर्डवर माझ्या डोळ्यांआड, त्याच्या पुढ्यात चिकटवले. गाडी चालू केली की दोन्ही लागत होते.

"जो आधी विझंल तो चोर," तो म्हणाला. "आन् तिसरा दिवा तू. तू सारखं बोलत ऱ्हायचं. तुझं बोलनं आधी थांबलं तर तू. बल्ब आधी विझला तर गाडी."

इतकं उघड कुणी मांडलं नव्हतं.

"काय बोलू?"

आई मागून म्हणाली, "नमो मारिया म्हण."

"प्रार्थना नको, मावशी," परशूदादा म्हणाला. "ती तोंड आपोआप म्हनतं, मानूस झोपला तरी. माझी आजी घोरता घोरता हरिपाठ म्हनायची. डोकं लागंल असं काहीतरी पायजे."

मी विचार केला. मला एकच गोष्ट तोंडपाठ आहे, शाळेतल्या वर्गांची हजेरी. मी म्हणालो, "दहावी अ ची हजेरी म्हणतो."

"उलटी म्हन," तो म्हणाला. "शेवटून."

अशी आमची वरात निघाली. पुलाच्या पायथ्यापासून चढ, पलीकडे उतार, वळून परत. "सावे, शेख, वाझ, वर्तक, लोपीस, राऊत," मी म्हणत होतो. अडखळलो की परशूदादा टोचायचा, "राऊतच्या आधी कोन?" आई मागून हसत होती. पहिली फेरी काही झालं नाही. दुसरी फेरीही तशीच. तिसऱ्या फेरीला चढाच्या मध्यावर मी "म्हात्रे" म्हणालो, आणि गाडी खोकली.

मी "मच्याडो" म्हणालो. गाडी पुन्हा खोकली आणि गप झाली. मी "भोईर" म्हणालो. माझा पाय ब्रेकवर होता, डाव्या हाताने हँडब्रेक ओढलेला होता, आणि तोंड "पाटील, परेरा" म्हणत होतं. थांबलेल्या गाडीत, भर उन्हात, मी पुढे "पठाण" म्हणालो तेव्हा परशूदादाने माझ्या मांडीवर जोरात थाप मारली.

"बस कर. शाला सुटली."

त्याच्या पुढ्यातला एक बल्ब लागलेला होता. दुसरा, पंपाचा, विझलेला.

"म्हात्रेला विझला," तो म्हणाला. "त्यानंतर तू पाच पोरांची नावं घेतली. पाय चालला, हात चालला, तोंड चाललं. तुला काय झालेलं नाय, मास्तर. तू होतास."

मी तेव्हा काय केलं ते मला लख्ख आठवतं. मी स्टिअरिंगवर कपाळ टेकवलं आणि हॉर्न वाजला. मी दचकलो, आई दचकली, परशूदादा म्हणाला, "हा हॉर्न माझ्यामुलं नाय." मग आम्ही तिघंही हसायला लागलो. मला हसू आवरत नव्हतं, आणि ते नुसतं हसू नव्हतं हे त्या दोघांना कळलं असणार, कारण दोघंही बाहेर खाडीकडे बघत बसले.

मी दार उघडून आईला उतरवायला निघालो, तर तो ओरडला, "कोनी हलायचं नाय. मावशी, बसून ऱ्हावा." तो स्वतः अलगद उतरला, मागचं दार उघडलं आणि आईच्या पायांशी उकिडवा बसून सीटखाली हात घातला.

"मावशी, जरा उठा."

आईने पुढच्या सीटला धरून स्वतःला थोडं उचललं. पंपाचा बल्ब लागला.

"बसा."

बल्ब विझला.

"उठा. बसा. उठा."

"माझं वजन करतोयस की काय रे, परशू?" आई म्हणाली.

"तुमच्या वजनानंच सापडला, मावशी," तो म्हणाला, पण या वेळी आरोळी ठोकली नाही. पेट्रोलचा पंप मागच्या सीटखाली असतो. त्याची वायर सीटच्या चौकटीखालून जाते. मागे डावीकडे कुणी बसलं आणि गाडी चढाला लागली की चौकट वायरीवर दाबायची, वायर तुटायची, पंप बंद, गाडी बंद. मग आम्ही आईला आधी उतरवायचो, चौकट वर यायची, वायर जुळायची, आणि किल्ली फिरवणारा जो कोणी असेल तो म्हणायचा, गाडीला काही झालेलं नाही. परशूदादा आणि मी दोघंच फिरायचो तेव्हा मागची सीट रिकामी असायची. गाडी बिचारी नीट चालायची.

शेडवर येऊन त्याने सीट काढली. वायरीवर एका जागी काळ्या टेपचा गोळा होता, आणि टेप सुटू नये म्हणून वरून जाळ्याच्या हिरव्या नायलॉन दोऱ्याची गाठ. त्याने टेप सोलला. आत तांब्याच्या तारा तासलेल्या, निम्म्या तुटलेल्या, उरलेल्या मिठाने हिरव्या पडलेल्या.

तो बराच वेळ ती गाठ बोटाने चाचपत बसला. मला वाटलं, कशी दुरुस्त करायची ते बघतोय.

"हा माझा हात हाय," तो म्हणाला.

मला कळलं नाही.

"नातालचा तारा," तो म्हणाला. तेव्हा आठवलं. आधीच्या नाताळात आमच्या चर्चची पोरं घरोघर गाणी म्हणत फिरली होती, पुढे माझी गाडी आणि टपावर मोठा उजळलेला तारा. त्या ताऱ्याला वीज पाहिजे म्हणून गाडी परशूदादाकडे दिली होती. किल्ली फिरवली की तारा लागला पाहिजे, असं पोरांचं म्हणणं. त्याला सगळ्यात जवळची वायर मागच्या सीटखाली सापडली. त्याने तीच तासून ताऱ्याची वायर जोडली. नाताळ झाल्यावर तारा उतरला, वर जाणारी वायर कुणीतरी कापून टाकली, जोड आत तसाच राहिला.

"पुढं फ्यूजपासून घ्यायला पायजे होती," तो म्हणाला. "घाई होती. बाहेर गाड्या उभ्या होत्या." त्याने शर्टाची मनगटाची बटणं सोडली, पुन्हा लावली. मग उठला आणि म्हणाला, "त्या पोलीवाल्या बाईकडं चल."

मी म्हणालो, अरे, उद्या जाऊ, वायर तरी जोड. त्याने वायर जोडली, तिथेच, नवी, जाड, सीटपासून लांबून नेलेली. मग पुढे बसला.

रेश्माचं प्लास्टर निघालं होतं, पण हात अजून वळत नव्हता. ती रबराचा चेंडू दाबत बसली होती. परशूदादा दारातच उभा राहिला आणि चर्चच्या दारात बोलला होता तसंच बोलला. "तुझा हात माझ्यामुलं मोडला. यांचा पाय नाय सुटला. मी वायर वाईट जोडली होती." मग तारा, सीट, आई, चढ, सगळं सांगितलं. रेश्माची बहीण लाटणं हातात धरून ऐकत राहिली.

रेश्माच्या चेहऱ्यावर राग आला होता, आणि तो तिने लपवला नाही. "दीड महिना माझे डबे बंद आहेत," ती म्हणाली. "निम्मी गिऱ्हाइकं गेली."

"गेली," तो म्हणाला. सबब सांगितली नाही, हातही जोडले नाहीत. उभा राहिला.

शेवटी ती म्हणाली, "मीपण काकांच्या गाडीला चिकटूनच चालले होते." मग माझ्याकडे बघून, "म्हणजे तुम्हाला काही झालेलं नाही ना? मी बहिणीला म्हणत होते, हा माणूस केळी घेऊन येतो पण याचा चेहरा माझ्यापेक्षा वाईट असतो." आणि मग बहिणीला, "अगं, पोळी जळतेय."

आम्हाला चहा मिळाला. परशूदादाने तो उभ्यानेच प्यायला.

परत येताना त्याने विषय काढला. त्या नाताळात त्याने फक्त माझ्याच गाडीला तारा लावला नव्हता. वेगवेगळ्या गावांतल्या गाड्या होत्या, टेम्पो होते, आणि सगळ्यांना त्याने तसाच जोड दिला होता, जवळच्या वायरीला, टेप आणि हिरवा दोरा. "बघायला पायजेत," तो म्हणाला. "सगल्या."

त्याने कोणाच्या गाड्या केल्या होत्या हे त्याला निम्मंच आठवत होतं. म्हणून आम्ही गावोगाव विचारत फिरलो, कित्येक रविवार. मीच चालवायचो, दुसरं कोण होतं? लीनाने किल्ली माझ्या हातात दिली, आणि त्या दिवशी जेवताना तिने माझ्याकडे बघितलं नाही, आपल्या ताटात बघून जेवली. परशूदादा अंगणात शिरायचा आणि मोठ्याने विचारायचा, "तुमच्या गाडीला मी तारा लावला होता काय?" लोक हसायचे. एका घरात म्हातारी म्हणाली, "नाताळला अजून वेळ आहे रे बाबा." एका टेम्पोवाल्याने त्याला शिव्या घातल्या, त्याचा टेम्पो खरंच दोनदा बंद पडला होता आणि त्याने विनाकारण इंजिन उघडलं होतं. परशूदादाने शिव्या ऐकून घेतल्या, सीट उचलली, जोड कापला, नवा केला आणि म्हणाला, "आता अजून दे, असतील तर."

त्यानंतर त्याने बरीच वर्षं काम केलं. रस्ता रुंद झाला तेव्हा शेड गेली. डोळेही बारीक वायरींना पुरेनात. त्याची मुलगी सफाळ्याला असते, तिच्याकडे राहायला जायचं ठरलं. त्याला सोडायला मी गेलो. हत्यारांची पेटी डिकीत, कपड्यांची पिशवी पुढच्या सीटवर. तो स्वतः मागे बसला, आईची जागा म्हणून ज्या जागेला आम्ही घरात म्हणतो तिथे, डावीकडे. आई आता नाही.

निघाल्यावर थोडा वेळ तो बोलत होता. सफाळ्याचे रिक्षावाले वायरींना काय करतात ते बघायचंय, म्हणाला. नालासोपाऱ्याच्या पुलाशी आलो तेव्हा बोलणं थांबलं. मी आरशात बघितलं. त्याची मान काचेकडे कलंडली होती, तोंड अर्धवट उघडं, पांढऱ्या शर्टाच्या कॉलरवर केसांचा काळा रंग लागलेला. गाडी चढ चढली, उतरली. पुढे महामार्ग लागला, ट्रकचे हॉर्न वाजत होते. गाडी ऐकायचं सोडून तो घोरत होता.

सफाळ्याला त्याच्या मुलीच्या दारात गाडी उभी केली. ती ओले हात पुसत बाहेर आली आणि काचेवर टकटक करायला वाकली. मी तिला हाताने थांबवलं.

"झोपू दे जरा," मी म्हणालो. "मला काही घाई नाही."